जावयानं दिलेला पंप

आमच्या गावात माणसाची ओळख पलटणीवरून सांगतात. अमक्याचा थोरला तोफखान्यात, तमक्याचा धाकटा रणगाड्यावर, असं. उंब्रजच्या पुढं नदीकाठाला आमचं गाव. ऊस आणि शिपाई, ही तिथली दोन पिकं. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, हवालदार होऊन पेन्शनीत आले. थोरला भाऊ सरहद्दीवर. मी साताऱ्याला भरतीला गेलो तर छाती भरत नाही म्हणून टेप लावणाऱ्यानं मला खांद्याला धरून बाजूला काढलं. पुन्हा गेलो, पुन्हा तेच. मग आबांनीच जाऊ दिलं नाही. म्हणाले, "बास झालं. छाती काय फुग्यावानी फुगवायची हाय व्हय?"

तेव्हापासून मी घरात उरलेला माणूस झालो. कुणी टोचून बोलत नव्हतं. बोलले असते तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. पाव्हणे आले की आबा थोरल्याचं कुठं पोस्टिंग आहे ते सांगायचे आणि माझ्यापाशी आले की म्हणायचे, "हा हितंच असतोय." एवढंच. हितंच असतोय. अरे, मी काय घरातला खुंटा आहे का?

मी कराडला एका गॅरेजात मिस्त्रीच्या हाताखाली लागलो. हात चांगला बसला. मिस्त्री कौतुक करायचा माणूस नव्हता, पण इंजिन उतरवायचं असलं की मलाच हाक मारायचा. दोन-तीन वर्षांनी थोरल्या भावानं ओळखीनं लष्कराच्या लिलावात एक जुनी जीप मिळवून दिली. तिचं इंजिन पार थकलेलं होतं. ते काढून मी मोडीत निघालेल्या एका ट्रकचं सहा सिलेंडरचं पेट्रोल इंजिन तिच्यात बसवलं. बसवलं म्हणतो, पण ते बसत नव्हतं. रेडिएटर पुढं सरकवला, आडवी पट्टी कापली, नव्या पट्ट्या वेल्डिंग करून घेतल्या, बॉनेट उचलून घेतलं. गावातले पारावर बसून म्हणायचे, बैलगाडीला हत्ती जुंपलाय गड्यानं. म्हणू देत. सकाळी मी ते चालू केलं की अख्ख्या आळीला कळायचं की मी हितंच असतो.

आता अडचण. पेट्रोलचा पंप ही मुठीएवढी वस्तू. इंजिनच्या बगलेला बसते. आत एक पडदा असतो, तो खाली ओढला की टाकीतून पेट्रोल येतं, आणि त्याच्याखालची स्प्रिंग त्याला वर ढकलते तेव्हा ते कार्बोरेटरला जातं. ट्रकच्या इंजिनावरचा पंप कुणीतरी आधीच काढून नेलेला. मी जीपचाच जुना पंप पट्टी लावून त्यावर चढवला. सपाटीला गाडी वाऱ्यासारखी जायची. पण घाटात माणसं भरून घेतली आणि पाय दाबला, की त्या एवढ्याशा पंपाचं पेट्रोल सहा तोंडांना पुरायचं नाही. इंजिन खोकायचं, हिसके द्यायचं आणि मरायचं. त्यात उन्हाळा. पंप तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते. मग खाली उतरायचं, फडकं भिजवून पंपाला गुंडाळायचं आणि बिडी ओढत बसायचं. त्या काळात घाटात अशा ओल्या फडक्याच्या गाड्या जागोजाग उभ्या दिसायच्या.

म्हणून मोठा पंप बघायचा होता. ह्या एका वस्तूसाठी मी जेवढा विचार केला तेवढा लोक मुलगी बघताना करत नाहीत. एक म्हणजे, लहानच दोन पंप एकापुढं एक लावायचे. मिस्त्री म्हणाला, एक बिघडला तर दुसरा त्याच्यासंगं उपाशी मरतो. दुसरं, ट्रकचा मोठा पंप शोधायचा. तो ताकदीचा, पण जुन्या मालात मिळणार, आणि वर्षानुवर्षं पडून आतला पडदा पापडासारखा कडक झालेला असतो. तिसरा, विजेचा पंप. तो इंजिनला लागून नसतोच, मागं टाकीपाशी बसतो, त्यामुळं तापत नाही. पेट्रोल ओढत आणायच्या ऐवजी मागनं ढकलतो. मिरजेत एका भंगारवाल्याकडं मोडलेल्या परदेशी गाडीचा तसला पंप मला सापडला. मी बॅटरीला तारा लावून तो चालवून बघितला. टक, टक, टक असा बोलायचा, आणि नळी भरली की गप्प बसायचा. पेट्रोल लागलं की पुन्हा टक. मला तो फार आवडला. खोटं कशाला सांगू, त्या दुकानात खाली बसून मी तो आवाज ऐकत राहिलो होतो. भंगारवाल्याला म्हटलं, हा बाजूला ठेव, पुढच्या आठवड्यात नेतो.

एवढी घाई असायला कारण होतं. सांगलीत विश्रामबागेला एका ठेकेदारानं ऑफिस उघडलं होतं. कवठे महांकाळच्या बाजूला त्यानं रस्त्याचं काम घेतलेलं, आणि खडीची खाण होती उंच टेकाडावर. साहेब लोक, त्यांची यंत्रं, मजूर, सगळं रोज वर न्यायला त्याला जीप पाहिजे होती, ड्रायव्हरसकट, काम संपेपर्यंत. म्हणजे काही वर्षांचं पक्कं काम. मिस्त्रीनं माझं नाव सुचवलं. ठेकेदारानं गाडी बघितली, आवाज ऐकला आणि म्हणाला, "साधी जीप दोन फेऱ्या मारेल तिथं ही एका फेरीत नेईल. भरून खाणीवर चढवून दाखवा, काम तुमचं." मी घरी आलो तेव्हा आबा दारात होते. त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मंग पाव्हण्यांना सांगता येईल की, पोरगा सांगलीला कामावर हाय." मला त्या वाक्यानं काय झालं ते मी सांगू शकत नाही. माझं वय तेव्हा पंचविशीचं, आणि मी पोरासारखा जाऊन गाडी पुसत बसलो.

त्याच उन्हाळ्यात धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात लेक-जावयाला घरी बोलवायचं, जावयाचे पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे करून वाढायचे, कपडे करायचे, ही आमच्याकडची रीत. माझी थोरली बहीण, अक्का, सांगलीला दिलेली. तिचे मालक, म्हणजे आमचे दाजी, जीप भाड्यानं चालवायचे. साधी, लिलावात मिळाली तशीच ठेवलेली जीप. त्यांचं तेव्हा फारसं बरं चाललेलं नाही एवढं मला कानावर होतं. अक्का आली ती वाळलेली दिसली, पण आई म्हणाली उन्हानं असेल, आणि मीही तेच धरून चाललो.

आबा आणि दाजी जेवणाआधी मळ्यात फेरी मारून आले. मग पाटावर बसवून आबांनी जावयाचे पाय धुतले. जेवणं झाली. पान खाऊन झाल्यावर दाजींनी पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली वस्तू काढून माझ्यापुढं ठेवली.

"घ्या मेव्हणं. ट्रकचा हाय, मोठा."

पंप होता. वरनं नवा रंग दिलेला, स्क्रू घट्ट. दाजी बोलताना माझ्याकडं बघत नव्हते, पण मी ते मनावर घेतलं नाही. जावयानं सासुरवाडीला काही देणं आमच्यात अवघडल्यासारखंच असतं, घेणाऱ्याला आणि देणाऱ्यालाही. मी सवयीनं पंप हातात फिरवला. आत यायच्या भोकाला अंगठा लावला आणि दांडी दाबून बघितली. अंगठा चांगला ओढला गेला. पण ओढ बघून अर्धंच कळतं. ढकलायची ताकद बघायची तर पंप खोलायला लागतो, स्प्रिंग बघायला लागते. कुठलाही मिस्त्री जुना पंप खोलल्याशिवाय गाडीला लावत नाही. मी कोनाड्यातला पाना घ्यायला उठलो.

"काय करतोस?" आबा म्हणाले.

"खोलून बघतो जरा."

"जावयानं दिल्यालं उलटंपालटं करून बघायचं नसतं."

"आवं आबा, पंप हाय ह्यो. धोतरजोडी न्हवं."

"तेच सांगतोय. बसव त्यो."

मी म्हटलं की मी मिरजेला विजेचा पंप बघून ठेवलाय, तो लावायचा माझा विचार आहे. आबांनी मान वर केली. हवालदाराची नजर होती ती, कवायतीच्या मैदानावर लागलेली. "म्हंजे पाव्हण्यांनी आनल्यालं नको म्हनतोस? आजच्या दिवशी?" आई स्वयंपाकघराच्या दारात आली. अक्का तिच्या मागं. दाजी जमिनीकडं बघत बसलेले. आता ह्यात मी काय बोलणार? आमच्यात जावयाला नको म्हटलं की ते माणसाला लागत नाही, घराला लागतं. पुढं वर्षानुवर्षं लेकीला ऐकवलं जातं. मी पाना परत कोनाड्यात ठेवला. दुपारी पंप न खोलता बसवून टाकला.

दुसऱ्या दिवशी त्याच गाडीतून आम्ही सगळे सांगलीला गेलो. मी, आबा, अक्का, दाजी, वर आईनं दिलेल्या पिशव्या. उंब्रज सोडून सांगलीपर्यंत रस्ता सगळा सपाटीचा. गाडी इतकी सुरेख पळाली की मी मनातल्या मनात दाजींची माफी मागितली. त्यांना दोघांना घरी सोडलं. आबा म्हणाले, "मी येतो तुझ्यासंगं खानीवर. बघतो तरी काम कसलं हाय." मला बरं वाटलं. आबा माझ्या कुठल्याच कामाला कधी आलेले नव्हते.

रात्री अक्काकडंच मुक्काम केला. सकाळी ठेकेदारानं गाडी भरली. मागं वजनाला म्हणून खडीची पोती, त्यावर मजूर, पुढं मी, मध्ये त्याचा एक साहेब, कडेला आबा. तो भाग तुम्ही बघितला असेल तर माहीत आहे, झाड नाही, सावली नाही, नुसता माळ. खाणीची वाट टेकाडाला वळसा घालून जाते. पहिलं वळण गाडी दणक्यात चढली. मजूर मागनं ओरडले, लय भारी. दुसऱ्या वळणावर चढ अंगावर आला, मी गिअर टाकला, पाय दाबला, आणि इंजिन खोकलं.

तो खोकला मला ओळखीचा होता. मी पाय सोडून पुन्हा दाबला. दोन हिसके दिले आणि गाडी मेली. ब्रेकवर धरली, मजुरांनी उतरून चाकाखाली दगड लावले. मी बॉनेट उघडलं. पंप तापला असेल असं धरून चाललो. आबा खाली उतरले, खांद्यावरचा टॉवेल काढला, पाण्याच्या कळशीत बुडवला आणि पिळून माझ्या हातात दिला. मी तो पंपाला गुंडाळला. थांबलो. चालू केली. चार हात चढली आणि पुन्हा मेली. पुन्हा टॉवेल. पुन्हा तेच. मजुरांना हसू आवरेना. शेवटी पोती उतरवली, माणसं चालत वर गेली, आणि रिकामी गाडी मी उलटी खाली घेतली.

ठेकेदार वाईट बोलला नाही. म्हणाला, "इंजिन मोठं आहे हो तुमचं. पण चढत नाही, तर मला उपयोग काय?" मी म्हटलं, साहेब, पंप बदलतो, आठ दिवस द्या. तो म्हणाला, त्याला सोमवारी गाडी पाहिजे. माणूस कामाचा होता, त्याचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही.

घरी आल्या आल्या मी ओट्यावर बसून पंप खोलला. पडदा नवा होता, चांगला मऊ. स्प्रिंग मात्र आखूड होती. झिजून आखूड झालेली स्प्रिंग मी पुष्कळ बघितलीय, तिचं टोक गुळगुळीत असतं. हिचं टोक करवतीनं कापलेलं होतं, ताजं, चकचकीत. कुणीतरी मुद्दाम वेढे कापून काढले होते. म्हणजे पेट्रोल ओढलं जाणार, पण जोरानं ढकललं जाणार नाही. सपाटीला पळणार, चढाला मरणार. हे काम करणाऱ्याला पंपातलं कळत होतं.

मी ते आबांना नेऊन दाखवलं. त्यांनी स्प्रिंग बोटात धरून बघितली आणि म्हणाले, "जावयाला फसवलं असंल कुनीतरी भंगारवाल्यानं."

मी तसं मानायला तयार होतो, खरंच होतो. पण पुढच्या आठवड्यात मिस्त्रीनं सांगितलं, खाणीवर तुझ्या दाजींची जीप लागली. साधी जीप. सावकाश चढली म्हणे, पण चढली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तसाच घरी आलो आणि आबांना म्हटलं, मी सांगलीला निघालोय, दाजींच्या दारात उभा राहून विचारणार आहे. आबा उठले आणि दाराच्या चौकटीत आडवे उभे राहिले.

"गप बस. लेक दिलीया तिथं."

"आबा, त्यांनी माझा गळा कापला."

"कळलं मला. गप बस म्हनलं ना."

आणि मी गप बसलो. ही आमची रीत. बहीण दिलेल्या घराशी भांडण करायचं नाही, आणि करायचंच झालं तर बहिणीला आपल्या घरी परत आणायची तयारी ठेवून करायचं. मी मिरजेला गेलो तर विजेचा पंप विकला गेला होता. भंगारवाला तरी किती दिवस वाट बघणार? माझी जीप गोठ्याशेजारी उभी राहिली. हंगाम लागला तसा मी दुसऱ्याच्या ट्रकवर ऊस वाहायला लागलो. पाव्हणे आले की आबा पुन्हा म्हणायचे, हा हितंच असतोय. दाजी सणाला आले की मी ट्रक घेऊन बाहेर पडायचो. ते मात्र माझ्याशी फार अदबीनं वागायला लागले होते. मी ओट्यावरनं गेलो तर उठून उभे राहायचे. मला वाटायचं, चोराच्या मनातलं भय आहे. बघू दे घाबरून, म्हटलं. रात्री झोपताना मी त्यांना काय काय शिव्या घालायचो त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत.

हंगाम संपत आला तेव्हा आईनं अक्कासाठी गुळाची ढेप आणि कडधान्यं बांधून दिली. ट्रक सांगलीला जाणार होता, मला टाळता आलं नाही. दाजी कामावर गेलेले असतील अशी वेळ बघून मी गेलो. अक्का अंगावर भरली होती. घरात नवी भांडी, दाराला पडदा. तिनं मला चहा दिला, समोर बसली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "तू आमच्याकडं येत न्हाईस. तुला पस्तावा झालाय व्हय रं?"

"कसला पस्तावा?"

"काम सोडल्याचा." मग तिचा बांध फुटला. "मला बोलायचं न्हाई म्हनून सांगितलंय आबांनी. पर किती दिवस गप ऱ्हाऊ? तवा मी बोचकं बांधून बसली होती. ह्यांना महिनोन्‌महिने भाडं न्हवतं. म्हनायचे, गाडी फुकून टाकतो, मुंबईला जातो, तू म्हायेरी ऱ्हा. सासूबाई म्हनायच्या, न्यायला कवा यायचं ते मंग बघू. धोंड्याला आले ती मी परत जानारच न्हवते. आनि तू सगळ्यांच्या म्होरं हसं करून घेतलंस माझ्यासाठी. ती गाडी तू पोटच्या पोरावानी बांधली होतीस."

चहा माझ्या हातात होता. मी विचारलं, "तुला कुनी सांगितलं?"

"आबांनीच की. मळ्यात ह्यांच्यासंगं बोलनं झालं न्हाई का. आबा आधीच सांगलीला येऊन गेले होते, पंपाची स्प्रिंग कापून आना म्हनून त्यांनीच सांगितलं. मळ्यात हे म्हनले, मामा, पोराला इचारा, त्याचं काम हाय, मी असं न्हाई घेनार. आबा म्हनले, इचारलंय, पोरगा व्हय म्हनलाय. ठेकेदाराला सरळ न्हाई म्हनलं तर त्यो बाहेरचीच गाडी बघंल, म्हनून ऐन वक्ताला चढनीवर उभी करायची, म्हंजे घाईत त्यो हाताशी असलेली ह्यांचीच गाडी घेईल. पर त्याच्याशी ह्यावर बोलू नका म्हनले, त्याला लाज वाटंल. हे अजून म्हनत्यात, भाऊ असावा तर असा. तू ओट्यावरनं गेलास की उभे ऱ्हात्यात, बघितलं न्हाईस?"

बघितलं होतं की. दर सणाला बघितलं होतं.

अक्का डोळे पुसत हसली. मी तिला काय सांगणार होतो? की तुझ्या भावाला ह्यातलं काहीच ठाऊक नाही? की हा एवढा थोर भाऊ तुझ्या नवऱ्याच्या नावानं रोज बोटं मोडत होता? तिनं वर्षभर माझं एक चित्र देवघरात ठेवावं तसं ठेवलं होतं, आणि ते माझं नव्हतंच. "असू दे, अक्का," मी म्हणालो, आणि गार झालेला चहा पिऊन निघालो.

ट्रक चालवताना रस्ता दिसत होता की नाही, आठवत नाही. स्प्रिंगचं मला एवढं वाटत नव्हतं. तो टॉवेल आठवत होता. ज्या माणसाला ठाऊक होतं की गाडी चढणार नाही, त्यानं स्वतःच्या खांद्यावरचा टॉवेल भिजवून, पिळून, माझ्या हातात दिला होता. पुन्हा पुन्हा. मजूर हसत होते तेव्हा तो माझ्या शेजारी उभा होता, आणि मला वाटलं होतं की आज तरी बाप आपल्या बाजूला उभा आहे. माझा बाप खोटं बोलत नाही, हे आमच्या गावात लोक शपथेसारखं सांगायचे. मीही सांगायचो. दाजींनी फसवलं असतं तर मी ते पचवलं असतं, परका माणूस म्हणून सोडून दिलं असतं. आणि त्या परक्या माणसानंच, पोराला विचारा, असं म्हटलं होतं.

आबा उसाला पाणी देत होते. धोतर वर खोचलेलं, पाय चिखलात, हातात खोरं. ऊन उतरलेलं होतं. मी बांधावर उभा राहिलो आणि म्हणालो, "अक्काकडं जाऊन आलो. तिनं सांगितलं सगळं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. नाकारलं नाही. सारवासारव नाही, काही नाही. मातीचं एक ढेकूळ खोऱ्यानं बाजूला केलं आणि म्हणाले, "लेक बोचकं बांधून आली होती. तिला दारात घेतली असती तर पुना गेली नसती."

"मला ठाऊक हाय. आता ठाऊक हाय. पर मला विचारलं का न्हाई? एकदा. मळ्यात दाजींना नेलंत, मला न्यायचं होतं."

"तुला इचारलं असतं आनि तू न्हाई म्हनला असतास, तर मी काय केलं असतं? मंग फसवायला बी येत न्हवतं."

"मी न्हाई म्हनलो नसतो."

सरी भरत आली होती. पाणी वाहून जायला लागलं तसा त्यांनी बांध फोडला, पुढची सरी धरली.

"आबा, माझ्याकडं बघा. माझी बहीन हाय ती. चिडलो असतो, शिव्या दिल्या असत्या, दोन दिस जेवलो नसतो. पर गाडी मीच उभी केली असती चढनीवर. माझ्या हातानं. मी व्हय म्हनलो असतो."

"आता म्हनतोस," आबा म्हणाले. रागानं नाही, टोमण्यानंही नाही. माझी छाती भरली नाही तेव्हा टेप गुंडाळत त्या माणसानं सांगितलं होतं, तसं साधं सांगितलं, आणि पाण्याच्या मागं पुढं निघून गेले.

आबांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. अक्का अजून तिच्या नातवंडांना माझ्याविषयी सांगते, मामाआजोबांनी माझ्यासाठी काय केलं ते. पोरं माझ्या पाया पडतात. मी व्हय म्हणालो असतो. हे मला आजही पक्कं ठाऊक आहे, आणि ज्या एका माणसाला ते पटायला पाहिजे होतं त्यानं मला कधी विचारलंच नाही.